डोळे काढायचा चाकू

सुरुवातीलाच सांगतो. माझ्याकडचा एकही चाकू मी देणार नाही. सोसायटीला नाही, मुलाला नाही, आणि "काका, हॉलमध्ये फ्रेम करून लावा ना, मी रील करते" म्हणणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राला तर मुळीच नाही. चाकू आहेत ते डब्यात राहतील. ज्याला भीती वाटते त्याने आमच्या घरी येऊ नये. तसंही रंगू गेल्यापासून फारसं कोणी येत नाही.

रंगू म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी गेली. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. मला ते नीट लिहिता येणार नाही आणि वाचणाऱ्यालाही काय करावं ते कळणार नाही. चाकूंबद्दल मात्र लिहितो, कारण अख्ख्या कामोठ्यात त्याबद्दल बरंच खोटं पसरलेलं आहे.

तिच्याकडे एक चाकू होता. मिटणारा, खिशात मावणारा, शिंगाच्या मुठीचा. पातं पुढे पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं आणि मुठीच्या मागच्या टोकाला हाडाची छोटी चपटी जीभ. तिच्या वडिलांनी तो कोरेगावच्या बाजारात जुना म्हणून घेतला होता. म्हणजे तो तेव्हाच जुना होता. पात्यावर इंग्रजी नाव होतं, पण धार लावून लावून त्यातला एक 'एफ' तेवढा उरला आहे. लग्नात तिने माहेरून भांडी आणली, त्यांतली निम्मी गळकी निघाली. चाकू टिकला.

या चाकूने ती बाल्कनीत गुलाबाची कलमं करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा या शब्दांवरच झाला. गुलाबाच्या फांदीवर, पानाच्या देठाशी बारीक फुगीर अंकुर असतो. त्याला डोळा म्हणतात. तो डोळा सालीसकट अलगद काढायचा. दुसऱ्या, रानटी गुलाबाच्या सालीला चीर द्यायची, हाडाच्या जिभेने साल उचलायची, आत डोळा सरकवायचा आणि दुधाच्या पिशवीच्या पट्टीने बांधायचा. जगला तर डोळा फुटतो, म्हणजे त्याला कोंब येतो. झालं कलम. यात कोणाला इजा होत नाही.

ती बाल्कनीत हे करत असायची आणि मी हॉलमध्ये पेपर वाचत असायचो. काम संपलं की ती चाकू मिटायची. 'कट्' असा आवाज यायचा. तो आला की मी पेपर बाजूला ठेवायचो, कारण पाठोपाठ चहा यायचा.

ती गेल्यावर एकदा मी तो चाकू उघडून मिटला. आवाज आला नाही. आतली स्प्रिंग मोडलेली होती. कधी मोडली ते तिलाच माहीत. पातं नुसतं लोंबत होतं.

मी चावीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, अशी स्प्रिंग आता येत नाही. असाच दुसरा जुना चाकू मिळाला तर त्यातली काढून याला बसवू." साधं काम होतं. मी तळोज्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालो. एका मशीनचा पार्ट काढून दुसऱ्याला लावणं हेच आम्ही आयुष्यभर केलं.

नावड्याला नामाचं भंगारचं दुकान आहे. नामा तिथलाच, गावातला. त्याने गोणी उलटी केली आणि त्यातून एक वाकडा चाकू काढून दिला. म्हणाला, "काका, याचा काय करनार? कोलबी पन सोलायची नाय याच्यानी."

मी तो घरी आणला, उघडला, मिटला. 'खट' असा आवाज आला. रंगूचा 'कट्' होता. पण स्प्रिंग तर होती. मी पक्कड घेऊन बसलो आणि मुठीकडे बघितलं. कोणाचा तरी अंगठा तिथे इतकी वर्षं बसला होता की शिंगाला खळगा पडला होता. माझा अंगठा त्यात गेला. आता ज्याने हा चाकू एवढा वापरला, त्याचा मोडून रंगूचा दुरुस्त करायचा हे मला जमेना. पक्कड ठेवून दिली आणि दुसरा शोधायला लागलो. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याच्या मुठीवर कोणीतरी खिळ्याने 'ग. भि.' कोरलं होतं. त्याला तर मी हातच लावला नाही. असा माझा संग्रह झाला. लोक म्हणतात छंद लागला. छंद वगैरे काही नाही. एक स्प्रिंग पाहिजे आहे.

आता सोसायटीत एखादा माणूस एकटा पडला की त्याला सल्ला देण्याचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळतो. आमचे सेक्रेटरी सुभाष मुळ्ये म्हणाले, "नाव सार्थ केलंत, हौसेराव. पण हौसच करायची तर तिकिटं जमवा. मी शंख जमवतो. शंखावरून कधी कोणी पोलिसात गेलंय?" हे ते पोलिसांचं प्रकरण व्हायच्या आधी बोलले होते, याची नोंद घ्यावी. त्यांच्या मिसेस वैशालीताई म्हणाल्या, "गंजलेली पाती हाताळताय, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. आणि सकाळी लाफ्टर क्लबात चला." मी एकदा गेलो. बागेत माणसं गोल उभी राहून हसत होती. मी शेजारच्याला कारण विचारलं. तो म्हणाला, कारण नसतं. मी घरी आलो.

बाल्कनीत रंगूचा एक गुलाब होता, पिवळा, कडेला गुलाबी. तिनेच कलम केलेला. त्याची पानं गळायला लागली होती. मुळ्ये म्हणाले पाणी जास्त होतंय, वैशालीताई म्हणाल्या कमी पडतंय. मी दोघांचं ऐकलं.

माझा मुलगा रणजीत उलव्याला राहतो. त्याचा रोज फोन. "आण्णा, इकडे या. बाल्कनीतून विमानं दिसतात."

"विमानं बघून मी काय करू?"

"एकटं नका राहू ओ. फक्त ते चाकू आणू नका. श्रुती घाबरते."

श्रुती म्हणजे सून. ती मांजरालाही घाबरते, तेव्हा मी तिला दोष देत नाही. पण रंगूचा चाकू सोडून मी कुठे जाणार नाही, हे त्याला सांगितलं. त्याने फोन श्रुतीकडे दिला. मी तो ठेवला.

नामाच्या गोण्या संपल्या. एकदा पेंधरला मेट्रोच्या दारावर गार्डने माझी पिशवी मशीनमधून काढली आणि स्क्रीनवर चार वाकडी पाती दिसल्यावर मला बाजूला घेऊन, "बाबा, घरचं कोणी आहे का सोबत?" असं मऊ आवाजात विचारलं. धमकावलं असतं तरी चाललं असतं. रिक्षाने घरी आलो आणि ठरवलं की आता बाहेर हिंडायचं नाही. सोसायटीत एवढी घरं आहेत, कोणाकडे तरी आजोबांचा चाकू पडलेला असेल. म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला. जसाच्या तसा देतो:

'डोळे काढण्यासाठी व कलम करण्यासाठी जुने चाकू पाहिजेत. गंजलेले चालतील. धार मी लावून घेईन. – काटकर, बी विंग.'

यात एक अक्षर चूक नाही. आजही नाही.

पण माझ्या वरच्या मजल्यावर मिश्राजी नवीन राहायला आले होते. सज्जन माणूस, बँकेतून निवृत्त. मराठी शिकायची त्यांची फार इच्छा, म्हणून ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज ते फोनकडून हिंदी करून घेतात. फोनने डोळ्यांची आँखें केली. 'कलम करना' तसंच ठेवलं, आणि हिंदीत ते मुंडक्याचं करतात. शेवटी 'काटकर' होतंच. आमचं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या काटकर आहे. ते हिंदीत कापून टाकल्यानंतरचं क्रियापद होतं हे साताऱ्याला आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मिश्राजी मला नंतर म्हणाले, "बाकी सब तो ठीक था, काटकर जी। लेकिन जंग लगा हुआ भी चलेगा, ये पढ़कर हम बैठ गये।"

त्यांनी तो मेसेज कोणाला तरी पाठवला, त्याने सेक्टरच्या ग्रुपवर टाकला, आणि दुपारी मला पोलीस चौकीतून फोन आला.

"काटकर तुम्हीच का? हवालदार उदयसिंह बोलतोय. चौकीवर या. चाकू घेऊन या."

"चाकू घेऊन येताना वाटेत मला कोणी पकडलं तर?"

"तर माझं नाव सांगा."

चाकू मी रंगूच्या शिवणाच्या डब्यात ठेवतो, बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा असतो तो. हवालदारांनी तो बघितल्यावर आधी त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी डबा उघडला.

"हे सगळे तुमचे?"

"हो."

"कशासाठी?"

"कलमासाठी."

"कलम मी लावतो. तुम्ही कशासाठी ते सांगा."

"अहो, डोळ्याचं कलम."

"कोणाचा डोळा?"

"गुलाबाचा."

त्यांनी पेन उचललं. "ह्या गुलाबबाई राहतात कुठं?"

"माझ्या बाल्कनीत."

इथे त्यांनी पेन ठेवलं आणि ते पाणी प्यायले. मी सगळं पहिल्यापासून समजावलं. त्यांना ते पटलंही असावं, पण तक्रार आलेली होती आणि कागद झालेला होता. प्रत्येक पात्याची लांबी लिहायची होती. पाती वाकडी. "सरळ मोजू का वाकडं?" त्यांनी विचारलं. मीही स्टोअरकीपर, चुकीचं माप मला बघवत नाही. रंगूच्या डब्यातलाच दोरा काढून मी पात्यावरून फिरवून दिला आणि त्यांनी तो पट्टीवर मोजला. माझ्याच विरुद्धच्या कागदासाठी मी मापं काढून देत होतो, हे मला बाहेर आल्यावर सुचलं.

"झालं ना? आता द्या," मी म्हणालो.

"साहेब बंदोबस्ताला गेलेत. ते बघतील, मग सोडता येईल. डबा कपाटात राहील."

"बाकीचे ठेवा. हा एक द्या."

"का? हा भारीतला?"

"नाही. हा चालतच नाही."

"मग घेऊन करणार काय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते चौकीत सांगण्यासारखं नव्हतं. मी घरी आलो.

त्यानंतर मी रोज चौकीवर जायला लागलो. साहेब रोज बंदोबस्ताला. हवालदार म्हणाले, "काका, रोज नका येऊ. लोकांना वाटतं तुम्हाला हजेरी लावलीय." सोसायटीत तसंच वाटत होतं. मी लिफ्टमध्ये शिरलो की माणसांना एकदम पत्रपेटी बघायची आठवण व्हायची. मुळ्ये एक हमीपत्र घेऊन आले: 'मी यापुढे सदनिकेत कोणत्याही प्रकारचा चाकू बाळगणार नाही.'

"कांदा कशाने चिरू?" मी विचारलं.

ते म्हणाले, बरोबर आहे, आणि 'स्वयंपाकाची सुरी वगळता' असं घालून आणलं. मग कमिटीत सुरी आणि चाकू यांत फरक काय यावर भांडण झालं. एकाने विळीचं काय विचारलं. क्षिप्राने पिझ्झाच्या चाकाचं विचारलं. शेवटी ठरलं की रविवारच्या सभेत काटकरांनी सही करायची, व्याख्या मागाहून. मी सांगितलं, सही करणार नाही. रणजीतचा फोन आला, "आण्णा, करून टाका ना सही. इकडे या. तो चाकू मोडलेलाच आहे." मी म्हणालो, "म्हणूनच."

या गडबडीत गुलाब चालला होता. एका सकाळी बघितलं तर एकच फांदी हिरवी राहिली होती, तीही खालपर्यंत नाही. रंगू असती तर तिने त्या दिवशीच डोळे काढून दुसऱ्या खुंटावर, म्हणजे रानटी गुलाबाच्या रोपावर, बांधले असते. माझ्याकडे ना खुंट, ना चाकू. मी कात्रीने ती फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि चौकीवर गेलो.

चौकीच्या दारात एका निळ्या ड्रममध्ये गुलाब होता. मी तो रोज बघत होतो. कलमाची वरची फांदी कधीच मेलेली आणि खालून रानटी फोक माजलेले. नुसती पानं आणि काटे.

"हवालदार," मी म्हणालो, "या फांदीला चार डोळे आहेत. उद्यापर्यंत वाळतील. डबा द्या, तुमच्या ड्रममध्येच बांधतो. तुमच्या समोर. चाकू चौकीच्या बाहेर जात नाहीत."

"आणि डोळा बसला तर?"

"तर कागदावर लिहा की ही बागकामाची हत्यारं आहेत."

"नाही बसला तर?"

"तर लावा कुठलं लावायचं ते कलम."

त्यांनी कपाट उघडलं.

आता एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. मी स्वतः आयुष्यात एकही कलम केलेलं नव्हतं. मी फक्त पेपरच्या कडेवरून रंगूला करताना बघितलं होतं. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. चौकीत मोबाईल हरवलेला एक जण आणि भाडेकरूचे कागद घेऊन आलेला एक जण, असे दोघे कामं सोडून ड्रमभोवती उभे राहिले होते.

पहिला डोळा मधोमध फाटला. मोबाईलवाला म्हणाला, "काका, हात हलतोय." दुसरा डोळा निघाला छान, पण उडून गटाराच्या जाळीत गेला. भाडेकरूवाला म्हणाला, "आमच्या गावाला शेण लावतात." कुठे लावतात ते त्याने सांगितलं नाही. तिसऱ्याच्या वेळी मी डोळ्यासकट अंगठा कापला. रक्त बघून हवालदार म्हणाले, "काका, हे जर मला लिहावं लागलं ना." वैशालीताईंचं इंजेक्शन मला तेव्हा आठवलं. त्या बाबतीत त्या बरोबर होत्या, हे मी इथे मान्य करतो. पाण्याच्या बाबतीत नाही.

राहिला एक डोळा. मी नावड्याचा चाकू घेतला, तो खळगा पडलेला. अंगठा त्यात बसला आणि हात हलायचा थांबला. डोळा सालीसकट आला. रानटी फोकाला चीर दिली. साल उचलायला नावड्याच्या चाकूला जीभ नव्हती. रंगूच्याला होती. त्याचं पातं लोंबतं होतं, पण जिभेला स्प्रिंग लागत नाही. साल उचलली गेली. डोळा आत सरकला, अगदी ती सरकवायची तसा. चौकीतल्या चहाच्या दुधाच्या पिशवीची पट्टी कापून मी तो बांधला.

"आता?" हवालदारांनी विचारलं.

"आता थांबायचं. डोळ्याशेजारचा पानाचा देठ हात लावल्यावर गळून पडला तर डोळा जिवंत. वाळून चिकटून बसला तर गेला."

त्यांनी डबा परत कपाटात ठेवला आणि ड्रमवर पाटी लावली, 'हात लावू नये. हुकमावरून.' घरी बाल्कनीतला गुलाब त्याच आठवड्यात पूर्ण वाळला. रंगूने लावलेलं जे काही जगात शिल्लक होतं ते आता पोलिसांच्या ताब्यात होतं. सभेची तारीख कोरम न झाल्याने दोनदा पुढे गेली, याबद्दल मी आमच्या सभासदांचा आभारी आहे.

शेवटी सभा भरली. पार्किंगमध्ये खुर्च्या. मुळ्यांनी हमीपत्र माझ्यापुढे ठेवलं. मी हाताची घडी घातली.

"हौसेराव, सगळ्यांच्या मनःशांतीचा प्रश्न आहे."

"माझीही थोडी धरा त्यात."

"काटकर जी," मिश्राजी हळूच म्हणाले, "हमें आपसे कोई दुश्मनी नहीं। बस डर लगता है।"

तेवढ्यात माझा फोन वाजला. मला फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर असतो. हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना त्याचा त्रास आहे.

"काका, हवालदार उदयसिंह. अभिनंदन. डोळा फुटला."

पार्किंगमधल्या सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.

"फूट गया?" मिश्राजींनी शेजारच्याला विचारलं.

"साहेबपण स्वतः बघून गेले," फोन म्हणाला. "म्हणाले, कलम पक्कं बसलंय. आता तुम्ही मोकळे. या आणि चाकू घेऊन जा."

मिश्राजी खुर्चीसकट मागे सरकले. मुळ्ये माझ्याकडे बघत होते, मी फोनकडे. मला त्या वेळी कोणाला काही समजावून सांगायचं नव्हतं. मी विचारलं, "किती मोठा आलाय?"

"तांबूस कोंब आहे. करंगळीच्या नखाएवढा. बायको म्हणते फोटो पाठवा, पाठवू का?"

त्यांनी फोटो पाठवला. निळा ड्रम, दुधाच्या पिशवीची पट्टी आणि त्यातून वर आलेला कोंब. मी तो मिश्राजींना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "इसको आप लोग आँख बोलते हैं?"

"हो."

"ये तो सच में देख रहा है।"

मुळ्यांनी इतिवृत्तात 'श्री. काटकर यांनी समाधानकारक खुलासा केला' असं लिहिलं. मी ते खोडायला लावलं. मी खुलासा केलेला नाही. सहीही केलेली नाही. डबा घेऊन घरी आलो आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर तोच मेसेज परत टाकला. एक अक्षर बदललं नाही. गंजलेले चालतील हेही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात मिश्राजी, हातात कुंडी, कुंडीत रानटी गुलाबाचा खुंट. "नर्सरी से लाये हैं। वो पुलिस वाला जब बड़ा हो जाये, तो एक आँख हमको भी निकाल दीजियेगा।" मी त्यांना आत बोलावलं. रंगू गेल्यानंतर आमच्या सोफ्यावर सल्ला न देता बसलेला तो पहिला माणूस.

रणजीतला सांगितलं की सध्या येत नाही. ड्रममधली फांदी पक्की होईपर्यंत मला रोज चौकीवर जायचं आहे, आणि मग तिच्यावरचे डोळे काढून आधी माझ्या कुंडीत आणि मग मिश्राजींच्या कुंडीत बांधायचे आहेत. त्यातला एक श्रुतीसाठी आणीन म्हणालो. विमानं बघायला त्या डोळ्यालाही बरं.

स्प्रिंग अजून मिळालेली नाही. रविवारी उरणकडे एक भंगारवाला आहे म्हणतात, तिकडे जाणार आहे. काल दुपारी बाल्कनीत बसून रंगूच्या चाकूची जीभ पुसली, पात्याला तेल लावलं आणि तो मिटला. आवाज आला नाही. थोडा वेळ वाट बघितली. मग उठलो आणि चहा टाकला.